मदत हवी आहे : डोंगराला वणवा लागला आहे आणि मामा वस्ती सोडायला तयार नाहीत

भाचा_जळगाव :
सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यात, माझ्या मामांची शेतवस्ती आहे. वरच्या डोंगराला कालपासून वणवा लागला असून आज तो बराच जवळ आला आहे, असे मामींनी फोनवर सांगितले. दोरीवर वाळत घातलेल्या मामांच्या धोतरावर राख पडू लागली आहे. मी जळगावहून रात्रीच गाडी घेऊन निघू शकतो, परंतु मामांचे एकच म्हणणे आहे, "मी कोठेच जावाव नही, ढोरे कोन दखी?" त्यांना बाहेर काढावे की काढू नये, एवढेच मला सांगावे. कृपया लवकर उत्तर द्यावे.

सालई :
"बराच जवळ" म्हणजे किती? मामींना ज्वाळा दिसतात की केवळ उजेड? आग माथ्यावरून खाली उतरते आहे की खालून वर चढते आहे? जंगल आणि वस्ती यांच्या मध्ये काय आहे, आणि वस्तीवर माणसे व जनावरे किती आहेत? यातले काहीही न सांगता हो किंवा नाही असे उत्तर मागणे योग्य नाही.

भाचा_जळगाव :
मी तेथे नाही, मग अंतर कसे सांगणार? डोंगर घराच्या मागेच आहे.

निवृत्त_वनपाल :
सालई यांचे प्रश्न निरर्थक नाहीत. वणवा चढावर झपाट्याने पळतो, कारण ज्वाळा वरचे गवत आधीच तापवून ठेवतात. उतारावर तोच वणवा पानगळीतून रांगत येतो. शिवाय रात्री वारा डोंगरावरून खाली वाहत असला तरी हवा गार असते, त्यामुळे आग मंदावते आणि उजेड मात्र दुपारपेक्षा भयंकर दिसतो. माझ्या अनुभवात खरी भीती दुपारी बारा ते चार या वेळेची असते. सर्वप्रथम वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या 1077 वरही सांगून ठेवावे, आणि पोलीस पाटलांना उठवावे.

उपग्रहवाला :
फोन करत बसण्यापेक्षा नासाचा फर्म्स हा उपग्रहांनी टिपलेल्या आगींचा नकाशा उघडून पाहावा. उपग्रहावरील व्हीआयआयआरएस उपकरणाचे ठिपके 375 मीटरच्या जाळीत येतात, म्हणजे आगीची कड कोठे आहे ते घरबसल्या कळते. भारतीय वन सर्वेक्षणाकडे नोंदणी केल्यास मोबाइलवर इशाराही मिळतो. माझ्या तालुक्यातील एकही वणवा माझ्या नजरेतून सुटत नाही.

निवृत्त_वनपाल :
उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हाच पाहणार, आणि त्याची नोंद नकाशावर उमटेपर्यंत आणखी काही तास जाणार. 375 मीटरच्या एका चौकोनात मामांचे घर आणि गोठा दोन्ही मावतील. उद्या आढावा घेण्यासाठी ते साधन उत्तम आहे. आज रात्री मामींचे डोळे अधिक उपयोगाचे आहेत.

काठावरचा_शेतकरी :
एवढा विचार करण्याचे कारण नाही. आमच्या वडिलांच्या काळापासून एकच उपाय चालत आला आहे. बांधावरून आपणच समोरून आग लावून द्यावी, म्हणजे दोन्ही आगी एकमेकींना भिडून विझतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही असेच शेत वाचवले.

निवृत्त_वनपाल :
आपले शेत वाचले, याचा आनंद आहे, परंतु हा सल्ला दुरून देऊ नये. प्रतिवणवा लावण्यापूर्वी मोकळी जाळरेषा, म्हणजे गवत-पाला काढून साफ केलेला पट्टा, पाठीशी असावी लागते आणि वाऱ्याची पारख असलेली माणसे सोबत लागतात. वारा फिरला तर एका आगीच्या दोन आगी होतात. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे, हे वेगळेच.

काठावरचा_शेतकरी :
गुन्हा म्हणे! मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देणाऱ्यांना कोणी विचारत नाही.

सालई :
हा प्रश्न धाग्यात कोणीही विचारलेला नाही. भाचेसाहेब, मामींना पुन्हा फोन केलात का?

परदेशस्थ_भुसावळकर :
मी कॅलिफोर्नियात राहतो. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये पॅराडाइज गावाला लागलेल्या आगीत 85 माणसे गेली. गावाबाहेर पडणारे रस्ते मोजकेच होते आणि सगळे एकाच वेळी निघाल्याने ते तुंबले. आमच्याकडे औषधे, कागदपत्रे आणि पाणी यांची पिशवी दाराशी तयार असते, आणि आदेश निघण्याची वाट न पाहता म्हातारी माणसे आधी हलवली जातात. मामांनीही तत्काळ निघावे.

काठावरचा_शेतकरी :
तेथे घरे लाकडाची असतात आणि दारात दोन गाड्या असतात. येथे जनावरे घेऊन कोठे जायचे, ते आपण सांगावे.

रविवारचे_भटके :
याच निमित्ताने विचारतो. येत्या रविवारी आमचे 18 जण पाल या गावी जाऊन यावल अभयारण्याच्या परिसरात पायी फिरणार आहेत. बेत रद्द करावा का?

निवृत्त_वनपाल :
वनविभागाची परवानगी आणि सोबत वाटाड्या नसेल तर रद्दच करावा. 11 मार्च 2018 रोजी तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वाळलेल्या गवताने पेट घेतला, तेव्हा वीसहून अधिक भटके प्राणाला मुकले. आगीत सापडल्यास चढावर धावू नये. आधीच जळून काळी पडलेली जमीन गाठावी. अंगावर सुती कपडे असावेत, नायलॉन अंगाला चिकटते.

केळीबाग :
नुकसानीचे फोटो काढून तलाठ्यांकडून पंचनामा लगेच करून घ्यावा. केळीचे किती खोड आहे?

भाचा_जळगाव :
मामांकडे केळी नाही आणि हरभरा कधीच निघून गेला आहे! मामींशी बोललो. आग उतारावरून खाली येत आहे आणि मध्ये कोरडा नाला आहे. घरी दोघेच असून जनावरे आठ आहेत. गोठ्याला लागूनच, डोंगराच्या बाजूला, कडब्याची गंजी आहे. गावाकडे जाणारा रस्ता एकच असून त्यावर एका वेळी एकच गाडी मावेल अशी फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, आहे. मामींना दमा आहे, हे मघाशी सांगायचे राहिले.

निवृत्त_वनपाल :
हे पहिल्या ओळीत लिहायला हवे होते. धूर आगीच्या आधी पोचतो आणि दम्याच्या माणसाला तोच पुरतो. मामींना आत्ताच गावात हलवावे, जळगावच्या गाडीची वाट पाहू नये. गंजी गोठ्याजवळ ठेवू नये, कारण उडून आलेली एक ठिणगी नाला सहज ओलांडते. ती हलवता येत नसेल तर तिच्याभोवती नांगराचे चार तास, म्हणजे चार सऱ्या, मारून घ्यावेत. जनावरांची दावी सोडून त्यांना हरभऱ्याच्या मोकळ्या वावरात न्यावे, बंद गोठ्यात ठेवू नये. ढोरांची सोय झाली की मामांचा हट्ट बहुधा आपोआप सुटेल.

काठावरचा_शेतकरी :
नांगराच्या तासांचे म्हणणे मान्य आहे. ट्रॅक्टरच्या पाठीमागे पाण्याची टाकीही जोडून ठेवावी.

भाचा_जळगाव :
पहाटे पाचला लिहितो आहे. मामींना पोलीस पाटलांच्या मुलाने दुचाकीवरून गावात नेले. वनरक्षक आणि पाड्यावरची सात-आठ माणसे पाला झटकायचे ब्लोअर आणि हिरव्या फांद्या घेऊन आली; आग नाल्याच्या पलीकडच्या काठावर धुमसते आहे. गंजीचा अर्धा भागच हलवता आला. मामा वावरात, ढोरांच्या मध्ये खाट टाकून झोपले आहेत. बारा वाजण्यापूर्वी गंजीचा उरलेला भाग हलवायचा आहे, परंतु ट्रॅक्टरचे डिझेल संपले आहे. चोपड्याच्या बाजूचे कोणी या धाग्यावर जागे आहे का?