बाबांसाठी रेडिओ हवा आहे: टॉवरमधल्या घरात मिडियम वेव्ह नीट लागत नाही (ठाणे)

गुहागरची लेक

नमस्कार मंडळी,

माझे बाबा यंदा गुहागरहून कायमचे आमच्याकडे राहायला आले. आम्ही पोखरण रोडला, चौदाव्या मजल्यावर राहतो. नातवात रमले आहेत, जेवणखाण व्यवस्थित आहे, पण सकाळ काही केल्या बसत नाहीये. गावी उठल्या उठल्या ट्रान्झिस्टर लागायचा. आकाशवाणी रत्नागिरी, भक्तिगीतं, प्रादेशिक बातम्या, तोवर चहा. तोच दोन बँडचा सेट ते पिशवीतून जपून इथे घेऊन आले, आणि इथे नुसती खरखर. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी मागे कुठेतरी बोलत असते, पुढे सगळी घरघर. थोडा वेळ कान लावून ऐकतात, मग बंद करून गॅलरीत उभे राहतात. मला ते बघवत नाही.

मोबाईलवर ऐका म्हटलं तर त्यांना पटत नाही. मध्येच कुणाचा फोन येतो, मेसेज टुणकन वाजतो. शिवाय एकदा हातात घेतला की रात्री अकरा-साडेअकरापर्यंत व्हिडिओ बघत बसतात आणि मग झोप लागत नाही म्हणतात.

तर विचारायचं असं: टॉवरमध्येही मिडियम वेव्ह स्वच्छ पकडेल असा कुठला रेडिओ घ्यावा? तीन-चार हजारांपर्यंत चालेल. फिरवायचं बटण हवं, टचस्क्रीन नको. आणि रात्रीच्या झोपेसाठी कुणाकडे घरगुती, साधं काही असेल तर तेही सांगा.

मोगरा

ताई, एक आधीच सांगते. बाजारात हल्ली जे गोंडस, ब्लूटूथवाले रेडिओ दिसतात त्यातल्या बऱ्याच सेटना फक्त एफएम असतं. खोक्यावर एएम किंवा एमडब्ल्यू, म्हणजे मिडियम वेव्ह, लिहिलंय का ते बघूनच पैसे द्या.

सोल्डरगन

नवीन सेट आत्ता घेऊ नका. तुमच्या वर्णनावरून बाबांचा रेडिओ ठणठणीत वाटतोय. मागे अस्मिता ऐकू येतेय म्हणजे सेट पकडतोय, त्यावर घरातला विजेचा गोंगाट चढतोय. चार हजारांचा नवा सेट आणलात तर तोही हीच खरखर ऐकवेल.

खात्री करून घ्यायला सेट बाहेर उघड्यावर न्या. तुम्हाला उपवन तलाव जवळ आहे. तिथे काठावर, विजेच्या खांबापासून लांब उभं राहून ५५८ किलोहर्ट्झला, म्हणजे अस्मिताच्या जागी, काटा आणा. जुन्या डायलवर ५५ ते ५६ च्या मध्ये, अगदी डाव्या टोकाजवळ. तिथे स्वच्छ लागलं तर सेट निर्दोष.

मग घरी या. रेडिओ सेलवर चालू ठेवा, त्याच स्टेशनवर, आणि घराचा मेन स्विच बंद करा. फ्रिज, लिफ्टमधलं माणूस वगैरे विचार नको, लिफ्टचा तुमच्या मेनशी संबंध नाही. खरखर एकदम बसली तर चोर घरातच आहे. आता सगळे एमसीबी, म्हणजे खोल्यांचे छोटे स्विच, खाली करून मेन चालू करा, मग एकेक वर करत जा, आणि ज्या खोलीला आवाज परत येईल तिथली एकेक वस्तू चालू-बंद करून बघा. नेहमीचे संशयित: स्वस्त एलईडी बल्ब आणि पट्ट्या, मोबाईलचे चार्जर, सेट टॉप बॉक्सचा अॅडॉप्टर, वायफायचा अॅडॉप्टर, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. यातल्या बहुतेकांत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून व्होल्टेज बदलतात, आणि त्यातून जो कचरा बाहेर पडतो तो नेमका मिडियम वेव्हच्या पट्ट्यात येतो. जुन्या पिवळ्या दिव्यांच्या काळात हे नव्हतं, म्हणून गावच्या घरात रेडिओ स्वच्छ लागायचा.

मेन बंद करूनही खरखर तशीच राहिली तर ती शेजारून किंवा इमारतीच्या वायरिंगमधून येतेय. त्यावरही उपाय आहे, तो असा.

मिडियम वेव्हचा अँटेना रेडिओच्या पोटात असतो, फेराइटची काळी कांडी, बहुतेक सेटमध्ये वरच्या कडेला आडवी. बाहेर ओढायची चकचकीत काडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. ती कितीही लांब केली तरी अस्मिता सुधारणार नाही. कांडीला दिशा असते. तिच्या लांब कुशीवर काटकोनात आलेले तरंग ती उत्तम पकडते, टोकाच्या दिशेने आलेले जवळपास पकडतच नाही. म्हणून सेट हळूहळू गोल फिरवून बघायचा. आकाशवाणीचा मिडियम वेव्हचा प्रक्षेपक मालाडला आहे, म्हणजे तुमच्या पश्चिमेला. रेडिओचं तोंड किंवा पाठ येऊरच्या डोंगराकडे आली की आवाज भरेल. मग दोन-चार अंश इकडेतिकडे सरकवून खरखर सगळ्यात कमी कुठे होते ती जागा शोधा आणि टेबलावर पेन्सिलीने खूण करून ठेवा.

जागासुद्धा महत्त्वाची. आरसीसीच्या भिंतीत सळयांचं जाळं असतं, घराच्या मधोमध तरंग पोचतच नाहीत. पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवा, पण लोखंडी ग्रिलला चिकटवून नाही, वीतभर आत.

एवढं करा, मग रेडिओ विकत घ्यायचा का ते बोलू.

नेरूळकर

सोल्डरगन यांचं शब्दन् शब्द खरं. आमच्याकडे नेरूळला सेक्टर दहामध्ये हाच ताप होता. एकेक करत शोधलं तर चोर निघाली देव्हाऱ्यातली एलईडीची माळ. आईने ती दिवसरात्र लावून ठेवली होती. आता समई आणि रेडिओ दोन्ही सुखात आहेत.

तळ्याकाठी

रेडिओतलं मला फार कळत नाही, पण उपवनला मी रोज असतो म्हणून लिहितो. बाबांना फक्त रेडिओ तपासायला नेऊ नका हो, रोजच न्या. सकाळी सहा-साडेसहाला तिथे त्यांच्या वयाची बरीच मंडळी फिरत असतात, बसायला कठडा आणि बाकं आहेत, समोर येऊरची झाडी. गावाहून आलेल्या माणसाला चौदाव्या मजल्यावरून जे दिसतं ते आणि तिथे जे दिसतं ते, यात फार फरक आहे. बातम्यांच्या वेळी रेडिओ घेऊन बाकावर बसले तर दोन दिवसांत कुणीतरी शेजारी येऊन बसेल आणि विचारेल, कुठले तुम्ही? आमच्या कट्ट्यावर चिपळूणचे, देवरुखचे, मालवणचे असे सगळे आहेत.

पोखरण रोडवर मात्र रस्ता ओलांडताना कानात काही नको. आणि पावसाळ्यात काठावरच्या फरशा निसरड्या होतात, चांगल्या पकडीच्या चपला हव्यात.

शहरात नौपाड्याकडे कधी आलात तर कचराळी तलावाभोवतीचा फेराही छान आहे, सपाट आणि सावलीचा. तलावपाळीला संध्याकाळी गर्दी फार, वयस्कर माणसाला तिथे नीट चालता येत नाही असं माझं मत.

जुईचा मांडव

एवढी खटपट कशाला? आकाशवाणीचं न्यूजऑनएअर ॲप आहे, त्यावर देशभरातली केंद्रं ऐकता येतात. जुना मोबाईल घ्या, सिमकार्ड काढा, वायफायवर ठेवा, ब्लूटूथ स्पीकर जोडा. ना फोन येणार ना मेसेज. रत्नागिरीही शोधून बघा त्यावर.

गुहागरची लेक

मोगरा, नेरूळकर, सगळ्यांचे आभार. सोल्डरगन, तुम्ही सांगितलं तसं केलं. उपवनला अस्मिता इतकी स्वच्छ लागली की बाबा तिथेच बाकावर बसले आणि बातम्या संपेपर्यंत उठेनात. तळ्याकाठी काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं, एक आजोबा थांबले आणि विचारलं, किती वर्षांचा आहे हो हा सेट?

घरी मेन बंद केल्यावर निम्मी खरखर गेली. हॉलमधल्या फॉल्स सिलिंगच्या दिव्यांचे ड्रायव्हर (त्यांना वीज पुरवणारे छोटे डबे) आणि वायफायचा अॅडॉप्टर हे दोघे निघाले. सकाळी ते दिवे लावायचे नाहीत असं ठरवलंय, अॅडॉप्टर बदलायला टाकलाय. उरलेली निम्मी खरखर इमारतीची असावी. सेट फिरवल्यावर बरीच कमी होते, पूर्ण जात नाही.

जुईचा मांडव, तुमची युक्ती रत्नागिरीसाठी नक्की करणार. पण बाबांना स्वतः काटा फिरवून स्टेशन पकडायला आवडतं, ते मला त्यांच्या हातातून काढून घ्यायचं नाहीये.

आणखी एक. हल्ली ते आवाज फार मोठा ठेवतात, आणि तरी मला विचारतात, काय म्हणाली गं ती? हे खरखरीमुळेच असेल का?

सोल्डरगन

उरलेल्या निम्म्यासाठी लूप अँटेना. टेकसनचा एएन-२०० तयार मिळतो, ताटलीएवढी गोल चकती असते. तार जोडायची नाही, रेडिओच्या शेजारी ठेवायची आणि तिचं बटण फिरवत जायचं, एका जागी आवाज एकदम फुगतो. घरी करायचा असेल तर दीड-दोन फुटांची लाकडी चौकट, तिच्यावर तांब्याच्या इनॅमल्ड तारेचे दहा-बारा वेढे आणि जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर, म्हणजे काटा फिरवल्यावर स्टेशन बदलणारा भाग. यात विजेचा काही संबंध नाही, नातवाला घेऊन बाबा स्वतः करू शकतील. गँग लॅमिंग्टन रोडला शोधलं तर मिळतो.

पुढेमागे डिजिटल आकड्यांचा सेट घ्यायचा झालाच तर एक गोष्ट बघा. आपल्याकडे मिडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या टप्प्याने असतात, अमेरिकेत १० च्या. परदेशातून आलेला सेट १० वर लावलेला असला तर काटा ५५० वरून थेट ५६० वर उडी मारतो, ५५८ वर थांबतच नाही. सेटिंग ९ वर करता येतं का ते दुकानातच विचारा.

आणि रात्री मिडियम वेव्हवर दूरची केंद्रं लागतात, हे बाबांना माहीत असेलच. दिवसा वातावरणाचा जो थर हे तरंग शोषून घेतो तो सूर्यास्तानंतर विरतो, मग तरंग आणखी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. जेवणानंतर खिडकीपाशी बसून काटा फिरवू द्या त्यांना. कुठलं लागेल सांगता येत नाही, त्यातच मजा आहे.

कानगोष्ट

मी श्रवणतपासणीच्या क्षेत्रात काम करते म्हणून शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते. खरखरीने शब्द बुडतात हे खरं, पण आवाज येतो आणि शब्द कळत नाही ही तक्रार वयानुसार कमी होणाऱ्या ऐकण्याचीही असते. उतारवयात आधी जातात ते उंच स्वर. स, श, फ, थ असली व्यंजनं त्यातच येतात. म्हणून आवाज वाढवून फार उपयोग होत नाही, नुसता गलका वाढतो. रेडिओला टोनचं बटण असेल तर ते तीव्र बाजूला फिरवून बघा, थोडा फरक पडतो.

घरातल्या शांत खोलीत, त्यांच्याकडे पाठ करून साध्या आवाजात बोलून बघा. पुन्हा पुन्हा विचारत असतील तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कधी कधी नुसता मळ असतो, तो काढला की काम होतं. घरी कानकोरणं, काडी, गरम तेल काहीही घालू नका. मळ नसेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करतील, ती अजिबात दुखत नाही. ऐकण्याचं यंत्र लागणार असेल तर लवकर लावलेलं बरं, उशीर केला की सवय व्हायला जड जातं आणि तोवर माणूस गप्पांतून मागे सरतो. माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांमध्ये हे गप्प होणं मला सगळ्यात जास्त खुपतं.

एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मोगरा

झोपेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. आमच्याकडे सासऱ्यांचा मोबाईल रात्री नऊला हॉलमधल्या चार्जरवर जातो, खोलीत येत नाही. चार वाजल्यानंतर चहा बंद. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नाही. आणि सकाळचं ऊन अंगावर घ्यायचं, उपवनला फेरी होणार आहे तर ते आपोआप होईल. रात्री विविध भारतीवर दहाला छायागीत लागतं, एफएम १०२.८, खोलीतला दिवा मंद करून बारीक आवाजात. निवेदक असं हळू बोलतात की मला स्वतःलाच झोप येते.

झोपेत खूप घोरत असतील किंवा मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल तर मात्र हे उपाय पुरत नाहीत, डॉक्टरांना सांगा.

नेरूळकर

लूपची चकती मागवताना एक विचारतो सोल्डरगन, सेलऐवजी अॅडॉप्टरवर रेडिओ चालवला तर चालेल का? बाबांचे सेल फार संपतील.

सोल्डरगन

अॅडॉप्टर नको. तोच खरखर करणाऱ्यांतला आहे, आणि रेडिओला थेट जोडलेला. मिडियम वेव्ह ऐकायची तर सेलच. एकदा भरलेले सेल जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये माफक आवाजात बरेच दिवस पुरतात. रिचार्जेबलही चालतात, फक्त त्यांचं व्होल्टेज १.५ ऐवजी १.२ असतं, काही जुने सेट त्यावर थोडे मंद वाजतात. संपलेले सेल आत ठेवू नका, ते गळले की स्प्रिंगा खातात आणि मग सेट दुरुस्तीला न्यावा लागतो. ताई, बाबांच्या सेटचं मागचं झाकण उघडून स्प्रिंगांवर हिरवट-पांढरं काही जमलंय का तेवढं बघा आणि इथे लिहा.