प्रतिसाद: नाशिकहून गाडी, तंबू आणि तीन दिवस

नाशिकहून गाडी आणि तंबू घेऊन तीन दिवस निघालं तर खान्देशात ऊन आणि केळी सोडून बघायला काय आहे, असं कुणीतरी विचारलंय. मी चाळीसगावचा, त्यामुळे राहवलं नाही.

पहिला मुक्काम चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला करा. गौताळा अभयारण्याच्या कुशीत हेमाडपंती देऊळ आहे, आणि इथेच थोर गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा 1207 सालचा शिलालेख सापडला. गणित शिकलेल्या प्रत्येकाने एकदा तिथे उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. दमदार पाय असतील तर डोंगरावरची पितळखोरा लेणीही बघा. मात्र जंगलात परस्पर तंबू ठोकू नका. वनविभागाला आधी विचारा, चूल तर पेटवूच नका.

मग धुळ्याजवळ लळिंगचा किल्ला, आणि शहाद्यावरून तोरणमाळ, सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण. सातपायरीचा घाट उजेडीच चढा, वळणं फार अवघड आहेत. वर यशवंत तलावाकाठची थंडी डिसेंबरात हाडं गोठवते, जाड पांघरूण हवंच.

आणि हो, हिवाळ्यातच या! काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी तेव्हाच खरी. वाटेत शेतात कुणी बोलावलं तर नाही म्हणू नका.