मदत हवी आहे: गस्तीचं मशीन राउंड 'मिस' दाखवतंय, पगार कापतायत

रात्रपाळी: कॉलेजवर नाईटला आहे. सगळे राउंड मारतो, प्रत्येक पॉइंटला मशीन लावतो, तरी सकाळी रिपोर्टात राउंड मिस. प्रत्येक मिसचे पैसे कापतात. उपाय सांगा लवकर, आज परत ड्युटी आहे.

कुलूपकिल्ली: मशीन म्हणजे पॉइंटवरचा टॅग वाचून वेळ नोंदवणारा दंडुका की मोबाइलचं ॲप? पॉइंट किती, कशावर ठोकलेत? सगळे राउंड मिस की ठरावीक?

गमबूट: रात्री गमबूट आणि टॉर्च सोडू नका. मण्यार रात्रीच हिंडते, चावली तरी दुखत नाही, खूण पण धड दिसत नाही. केबिनच्या दाराखालची फट बुजवा.

रात्रपाळी: सापाचं कुठे विचारलं? दंडुका आहे. ९ पॉइंट. दोन लोखंडी गेटवर.

तारजोडे: मग झालं! पॉइंटवरची चकती, म्हणजे साधा १२५ किलोहर्ट्झचा टॅग, थेट लोखंडावर बसवला की वाचला जात नाही. मागे सेंटिमीटरभर जाड प्लायवूड द्या नाहीतर धातूवर चालणारा टॅग मागवा. आणि दंडुक्याचं तोंड टॅगला टेकवा, लांबून ओवाळू नका.

कुलूपकिल्ली: तारजोडे, टॅग वाचला नाही तर तो एक पॉइंट मिस होईल. यांचा आख्खा राउंड जातोय. बीप वाजतो का ते आधी कळू दे.

रात्रपाळी: बीप नऊच्या नऊ ठिकाणी वाजतो. मिस फक्त १२ चा. कधीतरी ४ चा.

तारजोडे: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना राव.

कुलूपकिल्ली: दोन शक्यता. मध्यरात्री तारीख बदलते. शिफ्ट सॉफ्टवेअरमध्ये 'रात्र ओलांडणारी' म्हणून बसवली नसेल तर चार पॉइंट आजचे, पाच उद्याचे, दोन्हीकडे राउंड अर्धवट. पण ४ चाही जातो म्हणजे दंडुक्यातल्या घड्याळावर संशय. आज पहिल्या पॉइंटला मोबाइलची वेळ मिनिटासकट वहीत लिहा. सकाळी गोषवारा नको, एकेका बीपची नोंद मागा.

सुपरवायझरभाऊ: सगळा दोष मशीनचा नसतो. टॅग उचकटून केबिनमध्ये आणून लावणारेही असतात. नऊ पॉइंट चार मिनिटांत झालेले दिसले तर कोण ऐकेल? आणि ठरल्या वेळी राउंड म्हणजे चोराला टाइमटेबल. वेळा बदलत्या ठेवा.

कुलूपकिल्ली: बदलत्या ठेवल्या तर तुमचंच सॉफ्टवेअर मिस दाखवतं, भाऊ.

हिशेबनीस: कापतायत कशाच्या नावाखाली? दंड असेल तर आधी बाजू मांडू द्यावी लागते आणि महिन्याचा एकूण दंड पगाराच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. पगाराची स्लिप मागा.

रात्रपाळी: वहीत ११:५०, रिपोर्टात ११:३३!

कुलूपकिल्ली: १२ चा राउंड ११:५० ला कसा?

रात्रपाळी: १२ ला अभ्यासिकेला कुलूप लावायचं असतं, म्हणून दहा मिनिटं आधी निघतो. ४ ला पाण्याची मोटर, म्हणून तोही कधी आधी उरकतो. रिपोर्टात २० मिनिटं मागेपुढे चालतं.

कुलूपकिल्ली: मग तिथेच मेख आहे. घड्याळ १७ मिनिटं मागे, वरून तुम्ही १० मिनिटं आधी. २७ झाली, २० च्या बाहेर. बाकीचे राउंड वेळेवर निघता म्हणून १७ वर निभावतात.

रात्रपाळी: ऑफिसातले म्हणतात रोज डाउनलोड करताना दंडुक्याची वेळ कॉम्प्युटरशी जुळवतात.

कुलूपकिल्ली: त्या कॉम्प्युटरचं घड्याळ बघा.

रात्रपाळी: ११:१३ दाखवतंय. माझ्या मोबाइलवर साडेअकरा. नेट नाही त्याला.

कुलूपकिल्ली: नेट नसलं की घड्याळ हळूहळू मागे किंवा पुढे सरकतं. आधी कॉम्प्युटरची वेळ सरळ करा, मगच दंडुका जोडून जुळवा. उलट केलंत तर परत तेच १७. पुन्हा मागे पडू लागलं तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. आणि कापलेल्या महिन्यांच्या एकेका बीपच्या नोंदी आधी छापून घ्या.

सुपरवायझरभाऊ: अभ्यासिकेसाठी १२ च्या राउंडची वेळच ११:५० करून घ्या, लेखी अर्ज द्या.

गमबूट: मोटरच्या खोलीत हात घालण्याआधी टॉर्च मारा.