भरीत पार्टीच्या व्हिडिओतले काळे पट्टे

भाऊ, शेतातल्या भरीत पार्टीत बल्बखाली घेतलेल्या व्हिडिओत काळे पट्टे सरकतात, असं तुम्ही लिहिलंय. फोन खराब नाही. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेचसे साधे एलईडी आणि जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, तेच पट्टे होऊन दिसतं. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतात) सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे चित्रं, आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्र उजेड घेतं तो वेळ, १/५० सेकंद ठेवा. उजेड जास्त वाटला तर १/१००. काही स्वस्त एलईडी यालाही दाद देत नाहीत, तिथे शटर थोडं थोडं सरकवून बघावं लागतं.

पण मला विचाराल तर वांगी भाजताना बल्ब बंदच करा! कपाशीच्या काड्यांचा जाळ पुरतो. एक्स्पोजर (चित्र किती उजळ दिसेल ते) जाळावर लॉक करा, नाहीतर फोन अंधार उजळायला जातो आणि ज्वाळा पांढरीफटक पडते. व्हाइट बॅलन्स (रंग तांबूस की निळसर दिसेल ते ठरवणारं सेटिंग) ४००० केल्विनच्या आसपास ठेवला की तांबूसपणा टिकतो. झूम नको, दोन पावलं पुढे जा. वांगं फिरवणारे हात, मग आजीचा चेहरा, प्रत्येक शॉट १० सेकंद स्थिर.

आणि भरीत ठेचण्याचा आवाज मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, एडिटिंगला फार कामी येतो.