मदत हवी आहे: गाण्याबद्दल लिहिताना ‘सुमधुर’च्या पुढे कसं जायचं?

नमस्कार मंडळी. आमच्या पंचवटीतल्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी भजनांवर लेख लिहितेय. पहिला खर्डा नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, “सुमधुर चार वेळा, मंत्रमुग्ध तीन वेळा. गाणं कुठंय यात?” राग आला, पण मोजलं तर बरोबर निघालं.

ऐकलेलं मात्र स्पष्ट आठवतंय. कार्तिकातली काकड आरती, गोदेवरचा गारठा, आणि एक आजोबा. आवाज घोगरा, चहाच्या भांड्याच्या बुडासारखा खरवडलेला. वरच्या सुरावर पोचले की आवाज चिरायचा, तरी पुढचा शब्द ते तिथूनच उचलायचे. मागे भजनी ठेका, आठ मात्रांचा, आणि टाळ किंचित पुढे धावणारे. हे लिहिलं तर तक्रार वाटेल का? मला तर तेच आवडलं होतं.

मींड, मुरकी (सुरांची चटकन घेतलेली छोटी गिरकी), खर्ज (अगदी खालचा सूर) हे गाण्यातले शब्द माहीत आहेत. पण मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, हे प्रत्येक वेळी कंसात सांगत बसले तर लेखाचं पाठ्यपुस्तक होईल. आणि ‘मधाळ’, ‘रेशमी’ हे तर साडीच्या दुकानातले वाटतात (माझं मत, भांडू नका).

तुम्ही आवाजासाठी, ठेक्यासाठी कुठले शब्द वापरता? स्वयंपाकघरातले, शेतातले, गावाकडचे चालतील. घोगरा, किनरा, पहाडी याखेरीज काय काय आहे? आजोबांना लेख वाचून दाखवायचाय, म्हणून ‘चिरका’ नको.