उत्तर: ‘नदी आपली वाट काढतेच’

वर कुणी लिहिलंय, दरड कोसळली तरी नदी आपली वाट काढतेच, मग अडकलेल्या माशांना हेलिकॉप्टरने पलीकडे कशाला न्यायचं? नदी काढेल हो, पण सॅमन माशाला तेवढी सवड नसते. (आपला रावस नव्हे हा, कोळीण काहीही म्हणो!) समुद्रातून नदीच्या गोड्या पाण्यात शिरला की खाणं जवळपास बंद, अंगातल्या चरबीवरच अंडी घालायची जागा गाठायची. कॅनडात फ्रेझर नदीवर बिग बार या ठिकाणी दरडीमुळे सुमारे ५ मीटरचा धबधबा झाला, तो लक्षात आला जून २०१९मध्ये. त्या वर्षी जवळपास ६०,००० मासे हेलिकॉप्टरने उचलून पलीकडे सोडले. वाट बघायची म्हणता? त्याच नदीत हेल्स गेटला १९१४ साली रेल्वेच्या कामाने दरड पडली होती. तिथे माशांसाठी जिने (वर चढून जायचे खास जलमार्ग) व्हायला १९४५ उजाडलं.