मुख्य पात्र उभंच राहत नाहीये, कादंबरी अर्ध्यावर आलीय

कोरं_पान

पहिला खर्डा चालू आहे. १७ प्रकरणं झालीत, साधारण ४६,००० शब्द. पूर्ण होईपर्यंत ८०,००० च्या आसपास जाईल. मुख्य पात्र रेवती, वय ४१, जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ. पाणीतपासणीचे आकडे बदलले जाताहेत हे तिच्या लक्षात येतं आणि त्यात धाकटा भाऊ माधव गुंतलेला निघतो, असं कथानक. निवेदन तृतीयपुरुषी, पण पूर्णवेळ रेवतीच्या नजरेतून.

तिघांना वाचायला दिलं. तिघांचं म्हणणं एकच: माधव डोळ्यांसमोर येतो, रेवती येत नाही. माधव तर फक्त ५ प्रकरणांत आहे! रेवतीसाठी मात्र ६० प्रश्नांचा तक्ता भरून ठेवलाय. आवडता रंग, शाळा, भीती, पहिलं प्रेम, सगळं त्यात आहे. मग अडतंय कुठे? आणि आत्ताच मागे जाऊन दुरुस्त करावं की आधी खर्डा पुरा करावा?

---

दुसरा_खर्डा

६० प्रश्नांच्या तक्त्यात सगळी उत्तरं एकाच वजनाची असतात. आवडता रंग आणि सगळ्यात मोठी भीती शेजारी शेजारी बसतात, आणि यातलं कुठलं उत्तर तिला प्रकरण ९ मध्ये अडचणीत आणणार आहे हे तक्ता सांगत नाही. तो फेकू नका, पण त्याच्याकडून यापुढे फार अपेक्षा ठेवू नका.

त्याऐवजी एका कागदावर १७ ओळी आखा, प्रकरणाला एक. चार रकाने करा: या प्रकरणात रेवतीला काय हवंय, ते कशामुळे अडतंय, तिनं काय ठरवलं, त्याची किंमत काय पडली. तिसरा रकाना भरताना स्वतःला सवलत देऊ नका. ‘तिला कळलं’, ‘तिनं ऐकलं’, ‘तिला आठवलं’ हे निर्णय नव्हेत. असं काही लिहावंसं वाटलं तर रकाना रिकामा सोडा. मग हेच माधवच्या ५ प्रकरणांसाठी करा. माझा अंदाज असा की माधव प्रत्येक वेळी काहीतरी मागायला, लपवायला किंवा टाळायला येतो, म्हणून तो जिवंत वाटतो. रेवती सतत हजर असते, पण बघ्यासारखी. एकाच पात्राच्या नजरेतून लिहिताना हे फार होतं. लेखकाला तिचे डोळे हवे असतात, त्या नादात तिचे हात बांधले जातात.

एखाददुसरी ओळ रिकामी चालते. लागोपाठ तीन रिकाम्या आल्या की वाचक तिला सोडून कथानकाच्या मागे जातो.

दुसरी चूक निवडीतच होते. ‘खरं सांगावं की पैसे खावेत’ अशी निवड तिच्यासमोर ठेवली तर ती काय करणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. वाईट पर्यायाला चांगलं कारण द्या. समजा, खरा आकडा वर कळवला तर त्या जलवाहिनीचा पुरवठा ताबडतोब बंद करावा लागेल, आणि त्याच वाहिनीवर इस्पितळ आहे. आता दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत. तिनं काहीही केलं तरी ती कोण आहे ते दिसेल.

---

समासातली_टीप

वरच्या रकान्यांशी सहमत. पण निर्णय मोठाच असायला हवा असं नाही. उदाहरणादाखल रेवतीचाच एक परिच्छेद रचून दाखवते.

आधीचा असा असू शकतो:

*रेवती अत्यंत प्रामाणिक होती. कामातली चूक तिला सहन होत नसे. मात्र वरिष्ठांसमोर बोलायचं धाडस तिच्यात नव्हतं.*

आता तेच प्रसंगातून:

*नमुन्यात गोळी विरघळली. गुलाबी छटा जेमतेम धरली. रेवतीनं कुपी खिडकीशी नेली, पांढऱ्या कागदासमोर धरून पुन्हा पाहिली. ०.१.*

*‘०.२ धरा, मॅडम,’ साहेब दारातूनच म्हणाले. ‘उगाच दिवसभर फोन घेत बसावं लागेल.’*

*ती काही बोलली नाही. नोंदवहीत ०.१ लिहिलं. पेन्सिलीनं.*

नळापर्यंत पोचणाऱ्या पाण्यात उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. म्हणजे हा फरक दिसायला एवढासा असला तरी नेमका सीमारेषेवरचा आहे. ती खोटं लिहीत नाही, पण खोडायची सोय ठेवते. प्रामाणिकपणा आणि भीती एकाच कृतीत आली. आता यानंतर ‘तिला सत्याची चाड होती पण…’ असं वाक्य जोडायचा मोह होईल. ते जोडलं की पेन्सिलीचा जीव गेला. वाचकानं स्वतः ओळखलेली गोष्टच त्याच्या लक्षात राहते.

व्यवसायाचे तपशील एका प्रसंगात दोन, फार तर तीन. तेही तिला काहीतरी करायला लावणारे. प्रयोगशाळेतल्या उपकरणांची यादी आली की ते तुमचं संशोधन वाटतं, तिचं आयुष्य वाटत नाही.

नजरेची एक चाचणी करून पाहा. वर्णनाचा एखादा परिच्छेद घ्या आणि रेवतीच्या जागी माधवचं नाव घाला. काहीही न खटकता वाचता आला तर तो परिच्छेद दोघांचाही नाही, तुमचा आहे. एकाच खोलीत शिरल्यावर माधव आधी कोण कोण बसलंय ते पाहील. रेवती हातात आलेला पाण्याचा ग्लास उजेडाकडे धरेल, आणि यजमानांचं लक्ष गेलं की ओशाळून खाली ठेवेल.

---

कानोसा

भाषेकडून आणखी एक वाट आहे. १७ प्रकरणांच्या फाइलमध्ये ‘तिला’ हा शब्द शोधा आणि पानागणिक मोजा. तिला वाटलं, तिला जाणवलं, तिला राग आला, तिला भीती वाटली, तिला सुचलं. आपल्या भाषेत भावना माणसाला ‘येतात’ आणि ‘वाटतात’. माणूस चतुर्थी विभक्तीत (‘-ला’ प्रत्ययात) जाऊन बसतो, त्याच्यावर गोष्टी घडतात. बोलण्यात हे अगदी सहज आहे, त्यात चूक काही नाही. पण पानभर अशीच वाक्यं आली की व्याकरणच पात्राला निष्क्रिय करतं. पानावर सात-आठ ‘तिला’ असतील तर निम्म्यांच्या जागी ‘तिनं’ किंवा ‘ती’ येईल असं काहीतरी घडवा. ‘तिला राग आला’च्या जागी ‘तिनं वही मिटली’. नुसती वाक्यरचना फिरवून भागत नाही, तिथे कृती शोधावी लागते, आणि ती शोधताना पात्र तुम्हालाच नव्यानं कळतं.

जिथे भावना नसून नुसती जाणीव आहे तिथे तर सरळ काट मारा. ‘पंपाचा आवाज थांबल्याचं तिला जाणवलं’ याऐवजी ‘पंप थांबला.’ सगळं तिच्याच नजरेतून आहे, मग वेगळं कोणाला जाणवणार?

संवादांसाठी ती कोणाला तू म्हणते, कोणाला तुम्ही, कोण तिला काय म्हणतं याचा छोटा तक्ता करा. साहेब तिला ‘मॅडम’ आणि अहो-जाहो करतात, माधव ‘ताई’ आणि अगं-तुगं. हे काटेकोर पाळा, म्हणजे ते एकदाच मोडता येईल. भांडणात माधवनं ‘ताई’ सोडून ‘रेवती’ म्हटलं, किंवा तिनं त्याला थंडपणे ‘तुम्ही बसा’ म्हटलं, तर त्या दोन शब्दांत अख्खं नातं सरकतं. दोनदा वापरलंत तर ती सवय होईल.

लकब एका पात्राला एकच, आणि तीही दर संवादात नको. ‘म्हणजे कसंय ना’ प्रत्येक वाक्यामागे आलं की माणूस न दिसता लकबच दिसते. शेवटी एक पान संवाद घेऊन बोलणाऱ्यांची नावं झाका आणि मोठ्यानं वाचा. कोण बोलतंय ते कळायला हवं. कळत नसेल तर बहुधा दोघंही विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर देताहेत. घाबरलेला माणूस तसं करत नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

---

आडवाट

‘दुसरा_खर्डा’ यांच्या म्हणण्याला थोडी पुस्ती. रकाने भरायच्या नादात रेवतीला धडाडीची करून टाकू नका. गप्प राहणं हाही निर्णय असतो, अट एकच: बोलायची संधी वाचकाला दिसली पाहिजे. दार उघडं आहे, साहेब समोर आहेत, ती फाइल उचलते आणि ‘येते’ म्हणून निघते. हे तिसऱ्या रकान्यात बसतं.

दुसरा सापळा भूतकाळाचा. पात्र सपाट आहे म्हटलं की लेखक प्रकरण २ मध्ये बालपणीचा एखादा आघात आणून ठेवतो आणि पुढचं सगळं वागणं त्याच्यावर ढकलतो. एका जखमेतून सगळी उत्तरं निघायला लागली की माणसाचं गणित होतं. पूर्वायुष्य वर्तमानातल्या एखाद्या निर्णयाला अडवत असेल तेव्हाच आणा, आणि तेही त्या निर्णयापुरतं, चार-पाच ओळींत.

सपाट आणि भरीव पात्रांचा भेद इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली मांडला. त्यांची कसोटी आजही उपयोगी पडते: पात्र आपल्याला चकित करू शकतं का, आणि ते चकित करणं पटतं का. दोन्ही लागतं. नुसतं चकित करणं सोपं असतं, पण ते पटायला आधी बी पेरावं लागतं. तुमचंच कथानक घ्या. प्रकरण ३ मध्ये पेन्सिल. प्रकरण ७ मध्ये, अगदी बिनमहत्त्वाच्या वाक्यात, ती घराच्या कर्जाचा अर्जही आधी पेन्सिलीनं भरते. आणि प्रकरण १४ मध्ये साहेबांनी काही न सांगता, माधवचं नाव वाचवायला, ती स्वतः एक आकडा खोडते. वाचक हादरेल, पण ‘ही असं करणारच नाही’ म्हणणार नाही. दोन बियांमध्ये तीन-चार प्रकरणांचं अंतर ठेवा, आणि त्यातली एक तरी दुसऱ्याच कामात लपलेली असू द्या. दोन्ही ठळक असतील तर वाचक १४ च्या आधीच तिथे पोचलेला असेल.

---

कोरं_पान

रकाने भरले. १७ पैकी ११ ओळींत तिसरा रकाना रिकामा, आणि ५ ते ९ तर सलग. माधवच्या पाचही भरल्या. इतक्या उघडपणे दिसेल असं वाटलं नव्हतं.

‘आडवाट’, प्रकरण १४ मधलं खोडणं माझ्या आराखड्यात नव्हतं, पण ते यायलाच हवं असं आता वाटतंय. मग आधी ५ ते ९ दुरुस्त करू का? आणि पेन्सिल फार प्रतीकात्मक नाही ना होणार?

---

दुसरा_खर्डा

मागे जाऊ नका. ५ ते ९ आत्ता सुधारलीत आणि शेवट लिहिताना रेवती आणखी बदलली, तर तीच पाच प्रकरणं पुन्हा लिहावी लागतील. बदल झालेलेच आहेत असं धरून १८ वं प्रकरण लिहा. मागच्या प्रकरणांत जिथे बदल हवाय तिथे चौकटी कंसात एकच ओळ टाका: [इथे तिनं साहेबांना टाळायचं ठरवावं]. कंस शोधून सापडतात, म्हणून काही निसटत नाही.

सोबत तारखांचं एक पान ठेवा. रेवतीचं आणि माधवचं जन्मवर्ष, तिच्या नोकरीची वर्षं, प्रत्येक प्रकरणाचा महिना. कथा १४ महिन्यांची असेल तर मधे तिला एक तरी वाढदिवस येतो आणि ती ४१ ची राहत नाही. असल्या चुका वाचकाला कळल्या की पात्रावरचा विश्वास उडतो, बाकी कितीही चांगलं लिहिलेलं असो.

खर्डा पुरा झाल्यावर तीन-चार आठवडे उघडू नका. नंतर सुरुवातीपासून न जाता आधी तीनच प्रकरणं पुन्हा लिहा: ती पहिल्यांदा दिसते ते, तिला पहिल्यांदा किंमत मोजावी लागते ते, आणि १४ वं. ही तीन बसली की मधल्या रिकाम्या ओळींत काय हवंय ते बरंचसं आपोआप ठरतं. काही प्रकरणं चक्क गळतीलही, गळू द्या.

पेन्सिलीचं म्हणाल तर ती तिच्या हातात असेपर्यंत काही बिघडत नाही. रेवती तिच्याबद्दल विचार करायला लागली की ती प्रतीक होते. उल्लेख तीन-चारदाच, दर वेळी कामापुरता: टोक मोडलं, वहीत विसरली, साहेबांनी उचलून सही करायला घेतली आणि ‘ही कशाला?’ म्हणून परत ठेवली.